राष्ट्ररचनेच्या खेळांतील प्रेरणाभेद

१

मनुष्य खेळतो, ही गोष्ट सिद्ध करण्याची आता आवश्यकता उरलेली नाही. तो का खेळतो, हा प्रश्न मात्र अद्यापि सुटलेला नाही. आणि संगणकजालावर सहस्रावधी माणसे एकाच वेळी जे खेळ खेळतात, त्यांच्या संदर्भात तर तो अधिकच बिकट झाला आहे. या खेळांपैकी एका विशिष्ट जातीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यांत खेळाडूला शूर वीराची किंवा मांत्रिकाची भूमिका मिळत नाही; त्याच्या हाती एक राष्ट्र दिलेले असते. त्या राष्ट्राला तो नाव देतो, चलन देतो, ब्रीदवाक्य देतो, कायदे करतो, शेजाऱ्यांशी तह करतो. अशा खेळांना सोयीसाठी आपण ‘राष्ट्ररचनेचे खेळ’ म्हणू.

या खेळांविषयी एक गोष्ट कोणाही निरीक्षकाच्या ध्यानात येते. एकाच खेळात, एकाच नियमांखाली वावरणारे खेळाडू वस्तुतः निरनिराळे खेळ खेळत असतात. एकाला आपल्या अर्थव्यवस्थेचा आकडा वाढवावयाचा असतो. दुसऱ्याला काल्पनिक राष्ट्राचा इतिहास लिहावयाचा असतो. तिसऱ्याला दुसऱ्याचा प्रदेश बळकावण्यात गोडी वाटते. चौथा केवळ संगतीसाठी आलेला असतो. या भेदाची मांडणी करण्याचे जे प्रयत्न आजवर झाले, ते कितपत पुरे पडतात हे पाहावे, आणि जेथे ते अपुरे पडतात तेथे काय सुटले याचा शोध घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

क्रीडाविचाराच्या क्षेत्रात हौझिंगा यांचा १९३८ चा ग्रंथ आद्य मानला जातो. खेळ ही स्वेच्छेने पत्करलेली, व्यवहारापासून वेगळी काढलेली व स्वतःचे नियम असलेली कृती होय, हा त्यांचा सिद्धान्त सर्वपरिचित आहे. रॉजर काय्वा यांनी १९५८ मध्ये त्यावर पुढची इमारत रचली आणि खेळांचे चार वर्ग केले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. बुद्धिबळ हा पहिल्या वर्गातला, सोंगट्यांतील फाशांचा भाग दुसऱ्यातला, भातुकली तिसऱ्यातली, आणि फुगडी चौथ्यातली, असे आपल्याकडील उदाहरणांनी सांगता येईल. परंतु काय्वा यांचे वर्गीकरण खेळांचे आहे, खेळाडूंचे नव्हे. एकाच खेळात दोन माणसे दोन हेतूंनी उतरली तर काय, याचे उत्तर त्यातून सहजासहजी निघत नाही.

ते उत्तर देण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न रिचर्ड बार्टल यांचा. १९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व बार्टल यांनी अनेक खेळाडूंना एकत्र वावरता येईल असे एक शब्दमय जग संगणकावर उभे केले. पुढे त्याच परंपरेतील खेळाडूंमध्ये, अशा जगाकडून माणसाला नेमके काय हवे असते, यावर प्रदीर्घ चर्चा झाली आणि तिचा निष्कर्ष बार्टल यांनी १९९६ च्या आपल्या निबंधात मांडला. त्यांचे चार प्रकार मराठीत असे सांगता येतील : यशार्थी, शोधार्थी, संगार्थी आणि द्वंद्वार्थी. पहिल्याला जगावर मात करावयाची असते, दुसऱ्याला ते जाणून घ्यावयाचे असते, तिसऱ्याला इतर खेळाडूंच्या सहवासात रस असतो, आणि चौथ्याला त्यांच्यावर कुरघोडी करण्यात. या चौघांची मांडणी बार्टल यांनी दोन अक्षांवर केली. एका अक्षावर ‘खेळाडू’ व ‘जग’ ही टोके आहेत, दुसऱ्यावर ‘कृती’ व ‘परस्परव्यवहार’ ही.

त्यानंतर निक यी यांनी २००६ मध्ये सुमारे तीन हजार खेळाडूंना प्रश्नावली देऊन व उत्तरांचे सांख्यिकीय पृथक्करण करून या प्रकारांची परीक्षा घेतली. माणसे चार खान्यांत वाटली जात नाहीत, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य धडा होय. एकाच खेळाडूच्या ठायी अनेक प्रेरणा कमीअधिक प्रमाणात एकत्र नांदतात. त्यांनी सांगितलेले यशाचे, संगतीचे व तल्लीनतेचे असे तीन मुख्य घटक आणि त्यांचे दहा उपघटक आज बहुतेक अभ्यासक प्रमाण मानतात.

या दोन्ही विद्वानांचे ऋण मान्य करूनही एक शंका उपस्थित करणे प्राप्त आहे. बार्टल यांचा विचार शब्दमय साहसजगापुरता होता, आणि निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ती मर्यादा नोंदविली आहे. यी यांचे खेळाडूही प्रामुख्याने साहसखेळांतील. अशा जगात खेळाडूला एक देह असतो. तो देह जगात हिंडतो, लढतो, मरतो, पुन्हा उठतो. आणि ते जग त्याच्या आधीपासून असते व नंतरही राहते. राष्ट्ररचनेच्या खेळात खेळाडूला देहच नसतो. त्याच्याकडे असतो तो एक भार. जे जग त्याच्यापुढे आहे, ते बव्हंशी त्याच्याच निर्णयांनी घडलेले असते. म्हणजे बार्टल यांच्या ‘खेळाडू विरुद्ध जग’ या अक्षाची दोन टोकेच येथे एकमेकांत मिसळतात. ज्या अक्षावर प्रकार उभे केले तोच डळमळीत झाल्यावर ते प्रकार जसेच्या तसे येथे आणणे कितपत युक्त आहे?

३

ही शंका पोकळ नाही हे दाखविण्यासाठी एका प्रत्यक्ष खेळाकडे वळू. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने नोव्हेंबर २००२ मध्ये, आपल्या आगामी कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी, ‘नेशनस्टेट्स’ नावाचा खेळ जालावर सुरू केला. प्रसिद्धीचा हेतू केव्हाच मागे पडला. खेळ मात्र टिकला. त्याची रचना अत्यंत साधी आहे. राष्ट्रापुढे वेळोवेळी एखादा पेचप्रसंग मांडला जातो आणि दिलेल्या पर्यायांतून एक निवडावा लागतो. त्या निवडीमुळे नागरी स्वातंत्र्य, राजकीय स्वातंत्र्य व अर्थव्यवस्था यांचे माप वरखाली होते. या खेळात विजयाची व्याख्याच नाही. एका राष्ट्राने दुसऱ्यावर स्वारी करण्याची यंत्रणाही नाही; युद्ध करावयाचेच असेल तर ते दोन खेळाडूंनी परस्परसंमतीने लिहून करावयाचे. आणि एखाद्या खेळाडूने अठ्ठावीस दिवस आपल्या राष्ट्राकडे पाहिलेच नाही, व तशी सवलतही आधी घेतली नाही, तर ते राष्ट्र अस्तंगत होते.

बार्टल यांचे चारही प्रकार येथे सापडतात, यात संशय नाही. आकड्यांच्या क्रमवारीत वर चढू पाहणारे यशार्थी आहेत. कोणत्या पर्यायामुळे कोणते माप किती हलते याच्या नोंदी ठेवणारे शोधार्थी आहेत. प्रदेश स्थापून त्यांत घटना, निवडणुका व न्यायालये चालविणारे संगार्थी आहेत. आणि दुसऱ्यांच्या प्रदेशांवर अचानक चालून जाऊन तेथील प्रतिनिधिपद बळकावणारे द्वंद्वार्थी तर या खेळात प्रसिद्धच आहेत; त्यांना रोखण्याचे व्रत घेतलेले रक्षकही त्यांच्याबरोबरच निर्माण झाले.

परंतु या चौघांना वेगळे काढल्यावरही बरेच खेळाडू उरतात. ते क्रमवारी पाहत नाहीत, यंत्रणेचा शोध घेत नाहीत, कोणाशी फारसे बोलत नाहीत, भांडत तर नाहीतच. ते येतात, आपल्या राष्ट्रापुढील प्रश्नाचे उत्तर देतात आणि निघून जातात. पुन्हा काही दिवसांनी येतात. असे वर्षानुवर्षे चालते. यी यांच्या दहा उपघटकांपैकी ‘सजावट’ हा घटक त्यांना लावता येईल काय? सजावटीत वस्तू आपल्या आवडीची करण्याचा आनंद असतो. ती एकदा मनासारखी झाली की काम संपते. येथे तसे होत नाही. राष्ट्राचा ध्वज व ब्रीद पहिल्या दिवशी ठरते आणि पुढे पुष्कळदा बदलतही नाही. तरीही खेळाडू परत येतो, तो ते राष्ट्र मिटू नये म्हणून. या प्रेरणेला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : निगा.

४

निगा ही खेळाची प्रेरणा होऊ शकते, ही गोष्ट मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे बुद्धिबळ आणि भातुकली हे दोन्ही खेळ पिढ्यान् पिढ्या एकाच घरात नांदत आले आहेत. बुद्धिबळाचा डाव शह-मातीने संपतो. भातुकली कशाने संपते? हाक आल्याने, अंधार पडल्याने, फार तर रुसव्याने. तीत जिंकणे-हरणे नाही. चूल पेटवावी, भात शिजवावा, पाहुण्यांना वाढावे, बाहुलीला निजवावे, एवढेच तिचे प्रयोजन. भातुकलीला ‘सोंग’ म्हणून काय्वा यांच्या तिसऱ्या वर्गात टाकले, तर तिचा अर्धाच भाग हाती लागतो. सोंग हे तिचे बाह्य रूप आहे. सांभाळणे हा तिचा गाभा.

या दोहोंचा संगम दिवाळीतल्या किल्ल्यात दिसतो. पुण्यात व खडकीच्या वस्त्यांतही मुले दगड, विटा, पोती व चिखल यांचा किल्ला रचतात. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, बुरुजांवर मावळे. पण तटाखाली उतरावे तो शेतकरी, गवळण, वाणी, विहीर, आणि मोहरी किंवा अळीव पेरून उगवलेले हिरवे शेत. हा लहान मुलांचा राष्ट्ररचनेचा खेळच नव्हे काय? यातही प्रेरणाभेद आहे. किल्ल्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या, तेव्हापासून यशार्थी मुलांना वाव मिळाला. मूळ गडाचा नकाशा मिळवून तंतोतंत प्रतिकृती करू पाहणारी मुले शोधार्थी. चाळीतली सगळी मुले गोळा करणारा संगार्थी, आणि शेजारच्या वाड्यातल्या किल्ल्यावर रात्री फटाका लावणारा द्वंद्वार्थीही सर्वांच्या परिचयाचा आहे. तथापि किल्ला रचून झाल्यावर रोज सकाळी अळिवाला पाणी घालणारे, ढासळलेला बुरुज पुन्हा थापणारे आणि पडलेल्या मावळ्याला उभे करणारे मूल यांपैकी कोणत्याच खान्यात बसत नाही. किल्ला चार दिवसांनी मोडावयाचा आहे हे त्याला ठाऊक असते. तरी तो चार दिवस नीट राहिला पाहिजे, असे त्याला वाटते.

५

प्रेरणांचा हा भेद अधिक स्पष्ट व्हावा म्हणून एका ऐतिहासिक प्रसंगाचा कसोटीसारखा उपयोग करू. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी व गणेशखिंड यांच्या दरम्यानच्या मैदानात, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आसपासच्याच भूमीवर, पेशव्यांचे सैन्य आणि कर्नल बर याच्या हाताखालची कंपनीची फौज यांची गाठ पडली. बापू गोखले यांच्या घोडदळाने इंग्रजी फौजेच्या डाव्या बगलेवर चाल केली. परंतु त्या बगलेसमोर दलदल होती आणि ती स्वारांना आधी दिसली नाही. पुढचे घोडे तीत रुतले, चालीचा जोर मोडला. जरीपटका वाहणारे मोरोपंत दीक्षित त्या दिवशी पडले. दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. १७ नोव्हेंबरला पुणे शहर इंग्रजांच्या हाती गेले आणि १८१८ च्या जूनमध्ये बाजीराव मालकमच्या स्वाधीन झाले.

आता अशी कल्पना करावी की, हे राज्य एखाद्या खेळात पाच खेळाडूंच्या हाती दिले आहे. ही कल्पना फार ओढून ताणून आणलेली नाही. २०१३ मध्ये निघालेल्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या खेळाचा कालपट १४४४ पासून १८२१ पर्यंत पसरलेला आहे, आणि तो अनेकांना मिळून जालावर खेळता येतो. यशार्थी खेळाडू दलदल टाळून घोडदळ उजवीकडून नेईल. त्याला लढाई जिंकावयाची आहे. शोधार्थी दलदलीतच रमेल : भूमीचा प्रकार चालीच्या जोरातून किती वजा होतो, हे त्याला जाणावयाचे आहे. संगार्थी लढाईच्या आधीच भोसले, होळकर व शिंदे यांच्याकडे वकील धाडील. द्वंद्वार्थीला समोर कोण आहे यापेक्षा समोर कोणीतरी आहे याचेच समाधान.

आणि निगा राखणारा? त्याला दलदलीशी फारसे कर्तव्य नाही. लढाई जिंकली काय किंवा हरली काय, उद्या सकाळी पेठेतली दुकाने उघडतील का, मैदानालगतच्या शेतांतले उभे पीक हाती लागेल का, कारकुनांची वेतने निघतील का, असे त्याचे प्रश्न आहेत. या प्रश्नांची उत्तरे देण्याची सोय अशा बहुतेक खेळांत फारच थोडी असते. भूमीचा विचार प्रांताच्या प्रकारापुरता, प्रजेचा विचार आकड्यापुरता. म्हणजे निगेची प्रेरणा खेळाडूंत असूनही खेळाच्या रचनेत तिला जागा अपुरी पडते, आणि जिला रचनेत जागा नाही ती अभ्यासकाच्या कोष्टकातही येत नाही. प्रेरणांची यादी पुष्कळदा माणसाच्या मनापेक्षा खेळाच्या यंत्रणेचीच यादी असते, असा संशय येथे बळावतो.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्याला आम्ही निगा म्हणतो ती केवळ सवय होय. अठ्ठावीस दिवसांचा नियम घातला म्हणून माणसे परत येतात. नियम काढा, निगाही जाईल. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. आजचे अनेक खेळ माणसाच्या सवयीवरच पोसलेले आहेत आणि रोज हजेरी लावणाऱ्यास बक्षीस देऊन त्याला बांधून ठेवतात. परंतु सवय व निगा यांना वेगळे करणारी एक खूण आहे. सवय हानीच्या प्रसंगी गळून पडते. निगा त्या प्रसंगी प्रकट होते. नेशनस्टेट्समध्ये प्रदेशावर धाड पडते तेव्हा धाड घालणाऱ्याच्या दृष्टीने तो एका रात्रीचा डाव असतो. तेथील जुन्या रहिवाशांच्या दृष्टीने मात्र कैक वर्षांची मांडणी विस्कटलेली असते. केवळ सवयीने येणारा खेळाडू अशा वेळी नवे राष्ट्र काढून मोकळा होईल. प्रत्यक्षात मात्र विस्कटलेला प्रदेश पुन्हा वसविण्यासाठी खटपट करणारे खेळाडू आढळतात. येथे दोन पक्ष एका पटावर दोन वेगळे खेळ खेळत आहेत. त्यांतील वाद नियमभंगाचा नाही, कारण धाड नियमबाह्य नाही. खेळ म्हणजे काय, यासंबंधीच तो वाद आहे.

या वादात खेळाच्या चालकांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी धाडींना बंदी केली नाही. २००६ मध्ये त्यांनी ‘प्रभाव’ नावाचे एक माप आणले. एखादे राष्ट्र एका प्रदेशात जितका अधिक काळ राहील तितका त्याचा प्रभाव साचत जातो, आणि असा प्रभाव साचलेल्या रहिवाशाला हुसकावणे उपऱ्या सत्ताधाऱ्याला महाग पडते. दुसऱ्या शब्दांत, टिकून राहणे हेही एक बळ आहे, अशी कबुली नियमांनीच दिली. अभ्यासकांनी जी प्रेरणा मोजली नाही, ती खेळ चालविणाऱ्यांना हिशेबात घ्यावी लागली. याहून सबळ पुरावा क्वचितच मिळेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निगा हा सद्गुणच आहे असे का मानावे? माळी झाडांची निगा राखतो तसा तण उपटूनही टाकतो. ज्या खेळात प्रजेला वाचा नाही, तेथे निगा राखणारा खेळाडू अत्यंत नीटनेटका हुकूमशहा होऊ शकतो. ‘माझे राष्ट्र’ या शब्दांत ममत्व आहे तशी मालकीही आहे. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. किंबहुना राष्ट्ररचनेच्या खेळांचे खरे परीक्षण येथूनच सुरू होते. पेचप्रसंगाचे पर्याय खेळाडूपुढे येतात. ज्यांच्यावर तो निर्णय लादला जातो ते कधी बोलत नाहीत. याच्या उलट, २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘एरिपब्लिक’ या खेळात खेळाडू राज्यकर्ता म्हणून जन्मास येत नाही. तो नागरिक म्हणून येतो, काम करतो, मत देतो, आणि सत्ता हवी असल्यास इतरांची मते मिळवितो. तेथे एखाद्याच्या निगेला दुसरा विरोध करू शकतो. परंतु तेथील राष्ट्रे खऱ्या देशांची नावे धारण करणारी असल्याने प्रत्यक्ष जगातील अभिमान व वैरे खेळात शिरतात आणि द्वंद्वाचे पारडे जड होते. नेशनस्टेट्समधील काही प्रदेशांनी आपली घटना लिहिली, निवडणुका घेतल्या, पदत्यागाची व वारसाची रीत ठरविली. तेथे निगा एकट्याची राहिली नाही आणि म्हणूनच तिचा हुकूम झाला नाही. किल्ल्याविषयीही हेच म्हणता येईल. एकट्याने रचलेला किल्ला देखणा असेल. पण चौघांनी रचलेल्या किल्ल्यावर वाण्याचे दुकान कोठे मांडावे याविषयी भांडण होते, आणि त्या भांडणात वाण्याला काही महत्त्व प्राप्त होते.

७

या विवेचनाचा उपयोग काय? विद्यार्थी आता खेळांवर प्रबंध लिहू लागले आहेत आणि त्यांपैकी अनेकांची पद्धत प्रश्नावलीची असते. ‘आपण का खेळता?’ या प्रश्नाला माणूस बहुधा सोयीचे, ऐकलेले किंवा शोभेसे उत्तर देतो. ‘मी जिंकण्यासाठी खेळतो’ किंवा ‘मित्रांसाठी खेळतो’ असे म्हणणे सोपे आहे. ‘माझे राष्ट्र मिटू नये म्हणून येतो’ असे म्हणण्याचा प्रौढ माणसाला संकोच वाटतो. म्हणून खेळाडूच्या उत्तरांबरोबरच त्याची कृती पाहिली पाहिजे, आणि विशेषतः तीन प्रसंगी : हानी झाली असता तो काय करतो, जिंकणे व सांभाळणे यांत निवड करावी लागली असता काय सोडतो, आणि खेळ सोडून जाताना मागची व्यवस्था कोणाकडे सोपवितो. आपला प्रदेश विश्वासू माणसाच्या हाती देऊन जाणारा खेळाडू आणि एक दिवस न सांगता नाहीसा होणारा खेळाडू यांनी प्रश्नावलीत एकच उत्तर दिलेले असू शकते.

बार्टल व यी यांच्या मांडणीत निगेचा पाचवा खाना जोडून द्यावा, असा आमचा आग्रह नाही. खाने वाढविल्याने विचार वाढतोच असे नाही. राष्ट्ररचनेच्या खेळांना साहसखेळांचे माप लावू नये, एवढे मात्र निश्चित. ज्या खेळात माणसाला देह न मिळता एक राज्य मिळते, तेथे ‘त्याला काय मिळवावयाचे आहे’ या प्रश्नाइतकाच ‘तो कशाला जबाबदार राहू इच्छितो’ हाही प्रश्न विचारला पाहिजे, आणि त्याच्या पुढचा प्रश्न असा की, ज्यांच्यासाठी तो जबाबदार राहू पाहतो त्यांना त्या खेळात बोलता येते काय. तटाखाली गवळण व शेतकरी मांडणाऱ्या मुलांना हे प्रश्न कोणी शिकविलेले नाहीत. प्रबंध लिहिणाऱ्यांनी मात्र ते विचारलेच पाहिजेत.